धागा: गावची कालकुपी – पुरायची की भिंतीत ठेवायची?

किनाराकर

नमस्कार मंडळी. गाव गुहागर तालुक्यात, समुद्राला लागून. घरं सव्वादोनशे, त्यातली निम्मी गणपती-शिमग्यालाच उघडतात. शाळेची जुनी इमारत उतरवून नवी बांधायला घेतली आहे. त्या निमित्ताने गावची कालकुपी (टाइम कॅप्सूल) करावी असं गावकीत ठरलंय. सध्या डोक्यात आहे ते असं:

निळा प्लास्टिकचा ड्रम, झाकणाला एम-सील, आत गावकऱ्यांची पत्रं, फोटो, वर्तमानपत्रं, पेनड्राइव्ह, शंख-शिंपले, जाळ्याचा तुकडा, थोडं भाताचं बियाणं. १५ ऑगस्टला झेंडावंदन झालं की मैदानात पाच फूट खड्ड्यात पुरायचा आणि पन्नास वर्षांनी काढायचा. खर्चाची तयारी चाळीस हजारांपर्यंत. मैदान भरतीरेषेपासून साधारण दीडशे मीटर. माती वर पुळण (वाळू), खाली जांभा.

यात काय चुकतंय ते स्पष्ट सांगा. काम सुरू व्हायला अजून वेळ आहे.

जुनी_फडताळं

स्पष्टच सांगायचं तर ड्रम, एम-सील, १५ ऑगस्ट आणि मैदान, चारही बदला. कल्पना उत्तम आहे, ती ठेवा.

आधी तारखेचं बोलू. कोकणात ऑगस्टमध्ये हवेची आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या खाली क्वचित उतरते. त्या दिवशी डबा बंद केला म्हणजे पावसाळाच आत कोंडला. लोकांना वाटतं आतल्या हवेतलं पाणी त्रास देतं. हिशोब करून पाहा: ३० अंशांना आणि ८० टक्के आर्द्रतेला १०० लिटर हवेत पाणी असतं जेमतेम अडीच ग्रॅम. खरं पाणी कागदात असतं. ८० टक्के आर्द्रतेत ठेवलेल्या कागदात वजनाच्या सुमारे ११ टक्के पाणी मुरलेलं असतं, ४० टक्क्यांत ते ६ टक्क्यांवर येतं. सहा किलो कागद घातलात तर जास्तीचं पाणी झालं ३०० ग्रॅम, म्हणजे दीड ग्लास. हे पाणी आतल्या आत फिरतं. रात्री गार पडलेल्या बाजूला दव धरतं, तिथून बुरशी सुरू होते. बाहेरून एक थेंबही न शिरता आतला माल सडलेला निघतो तो असा.

म्हणून डबा बंद करायचा तो जानेवारी-फेब्रुवारीत, उत्तरेचा कोरडा वारा असताना. २६ जानेवारीला ग्रामसभाही असते, झेंडावंदनही असतं. लोकांचा उत्साह तेवढाच राहील.

कागद वाळवायची पद्धत: घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा खोका घ्या. तळाला दोन किलो सिलिका जेल, नारिंगी रंगाचं (निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते टाळा). त्यावर जाळी, जाळीवर कागद सैल उभे. आत छोटा डिजिटल आर्द्रतामापक. पहिल्या दोन-तीन दिवसांत आकडा झपाट्याने उतरतो, मग रेंगाळतो, कारण गठ्ठ्याच्या मधल्या कागदातलं पाणी सावकाश बाहेर येतं. जेलचा रंग उतरला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांना तीन तास तापवून पुन्हा वापरा. आकडा ३५ ते ४० च्या दरम्यान आठवडाभर हलला नाही, की कागद तयार. याच खोक्यातलं, कागदाशी जमवून घेतलेलं पाव किलो जेल मलमलच्या पिशवीत घालून कुपीत ठेवा. भट्टीतून नुकतं काढलेलं जेल ठेवू नका, ते कागद नको इतका सुकवतं आणि जुना कागद घडीवर तुटतो.

फॅब्रिकेटर_चिपळूण

ड्रमबद्दल. ड्रमचं प्लास्टिक (एचडीपीई) वाईट नाही, पण त्यातून पाण्याची वाफ सावकाश का होईना आरपार जाते. पन्नास पावसाळे ओल्या मातीत म्हणजे पुष्कळ झाले. शिवाय झाकण. ड्रमचं झाकण माल वाहायला केलेलं असतं, त्याची गॅस्केट (सांध्यातली रबरी चकती) पन्नास वर्षं तग धरायची नाही. एम-सील आणि प्लास्टिकची पकड तापमानाच्या चढउताराने सुटते. पीव्हीसी पाइप आणि सोल्व्हंट सिमेंटचा मार्ग बरेच जण सुचवतील, तोही नको. सिमेंटच्या वाफा महिनोन्महिने आत राहतात आणि पीव्हीसी जुनं होताना हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतं.

स्टेनलेस घ्या, पण ३१६एल. नेहमीचं ३०४ किनाऱ्यावर टिकत नाही. खाऱ्या हवेतल्या क्लोराइडने त्याला टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात आणि पत्रा वरून चकचकीत दिसत असतानाच आरपार जातो. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ते हे बरंच रोखतं. दर साधारण दीडपट. दुकानात चुंबक लावून दाखवतील, त्याला भुलू नका. ३०४ आणि ३१६ दोन्हींना चुंबक जवळजवळ लागतच नाही. मॉलिब्डेनमची थेंब-चाचणी करून घ्या, नाहीतर भंगारवाल्यांकडे धातू तपासायची गन असते तिच्यावर दाखवा. दोन मिनिटांचं काम.

मापं. ३०० मिमी व्यास आणि ६५० मिमी लांबीचा गोल नळकांडा, ३ मिमी पत्रा. एवढंच का? ए-४ कागद आडवा घालायला गेलात तर ३०० च्या गोलात बसत नाही, त्याचा कर्ण ३६४ आहे. उभा घातला की २१० रुंदीचा आणि २० सेंमी जाडीपर्यंतचा गठ्ठा बसतो. लांबीत असे दोन गठ्ठे एकावर एक, २९७ दुणे ५९४, वर खोक्याची जाडी आणि हात घालायला जागा. ६०० केलंत तर शेवटच्या क्षणी कागद दुमडायची वेळ येते.

आर्गन वेल्डिंगच करून घ्या, फिलर ३१६एलचा, आतूनही आर्गन सोडून. आतून गॅस नसेल तर सांध्याची आतली बाजू काळी, खरबरीत होते आणि गंज तिथूनच धरतो. बाहेर सांध्याशेजारी निळा-सोनेरी पट्टा येतो. दिसायला छान, पण त्या पट्ट्यातलं क्रोमियम पृष्ठभागावरून गेलेलं असतं. पिकलिंग पेस्ट लावून तो पट्टा पूर्ण पांढरा-राखाडी होईपर्यंत काढायचा, मग भरपूर गोड्या पाण्याने धुवायचं. पेस्टमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं, ते कातडीतून हाडापर्यंत जातं. हातमोजे आणि चष्मा घालून कारखान्यातच करा, शाळेच्या आवारात अजिबात नको.

किनाराकर

भयंकर उपयुक्त. एक शंका: स्टेनलेस घेतलं तर मग पुरायला हरकत काय? लोकांना "पुरणे" हवंय.

जांभा_आणि_चुना

हरकत आहे. तुमच्या मैदानाला लागून विहीर असेल तर ऑगस्टमध्ये तिचं पाणी कुठे असतं ते बघून या. किनारपट्टीत बहुतेक विहिरी तेव्हा हाताने पाणी काढण्याइतक्या भरतात. म्हणजे पाच फुटांवरचा तुमचा डबा चार महिने पाण्यात बुडालेला. जांभा स्पंजासारखा भोकाभोकांचा, तो पाणी अडवत नाही, उलट पोचवतो. वर पुळण, तिला पकड नाही.

आता तरंगण्याचं गणित, हे कुणीच करत नाही. फॅब्रिकेटरसाहेबांच्या मापाचा, दोन्ही टोकं वेल्ड केलेला डबा बाहेरून ४८ लिटर जागा व्यापतो, म्हणजे पाणी त्याला ४८ किलोने वर ढकलणार. पोलाद १८ किलो, आतला माल दहा किलो धरा. वीस किलोचा ओढा वरच्या दिशेला उरला. दर पावसाळ्यात डबा केसभर वर सरकतो, खालच्या पोकळीत वाळू भरते, तो परत खाली बसत नाही. रोखायचा तर काँक्रीट बांधा. पण काँक्रीटचंही वजन पाण्यात २४०० वरून १४०० वर येतं, त्यामुळे वीस किलोसाठी किमान ३५ किलो लागतं, सुरक्षिततेसाठी सत्तर. आणि त्या काँक्रीटला समुद्राची वाळू वापरलीत की तुम्हीच डब्याभोवती मिठाचा लेप दिला.

शिवाय दीडशे मीटर. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेत ग्रामीण भागासाठी ना-विकास पट्टा भरतीरेषेपासून ५० किंवा २०० मीटर आहे, गावच्या लोकसंख्येच्या घनतेनुसार. विरळ वस्तीचं गाव २०० त येतं. खड्डा खणून काँक्रीटचं कोठार करायला गेलात की कुणीतरी तक्रार ठोकणारच. कायदा बाजूला ठेवला तरी किनारा जागेवर राहत नाही. ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं, दापोली-मंडणगडची झाडं आणि छपरं एका दुपारीत गेली. पुढच्या मे महिन्यात तौक्ते. पन्नास वर्षांत अशी किती येतील ते मोजू नका, मैदानाची कड कुठे असेल तेवढं बघा.

नवी शाळा बांधताय ना? मग भिंतीत कोनाडा ठेवा. जोत्याच्या वर किमान एक मीटर, इमारतीच्या आतल्या भिंतीत. पश्चिमेची भिंत नको, पाऊस तिथेच झोडपतो. कोनशिलेखाली पायात ठेवायची चाल आहे, तीही कोकणात सोडून द्या. चिऱ्याची भिंत जमिनीतलं पाणी दोन-तीन फूट वर ओढते, लोणा लागलेल्या भिंती सगळ्यांनी पाहिल्यात. कोनाडा आतून कडाप्प्याच्या फरश्यांनी मढवा, डब्याभोवती चारही बाजूंनी दोन इंच पोकळी सोडा, तळाला बाहेरच्या बाजूला किंचित उतार आणि पेन्सिलीएवढं भोक, जाळी लावून. जाळी विसरलात तर कुंभारमाशी घर करेल. दर्शनी बाजूला ग्रॅनाइटची पाटी पितळी स्क्रूंनी, सिमेंटने चिकटवायची नाही.

तांडेलाचा_पुतण्या

+१. आणि मैदानात पुरलं की खालच्या आळीची पोरं पुढच्या मे महिन्यात उकरणार, हेही धरून चाला.

जुनी_फडताळं

पुरण्याचा आग्रह धरणाऱ्यांना दोन उदाहरणं सांगा.

अमेरिकेत ओक्लाहोमाच्या टल्सा शहरात १९५७ साली एक नवीकोरी प्लिमथ गाडी काँक्रीटच्या कोठारात पुरली, पन्नास वर्षांसाठी. कोठार अणुबॉम्बलाही पुरून उरेल अशी जाहिरात होती. २००७ मध्ये उघडलं तर आत पाणी, गाडीचा गंजका सांगाडा. पण गाडीसोबत एक वेगळं, बंद केलेलं पोलादी पात्र ठेवलं होतं, त्यातले कागद शाबूत निघाले. कोठार केवढं मोठं याला अर्थ नाही, सांधा बंद आहे की नाही याला आहे.

दुसरं बॉस्टनचं. तिथल्या राज्यभवनाच्या कोनशिलेत १७९५ ची पेटी, १८५५ मध्ये ती काढून पितळी पेटीत पुन्हा ठेवली. २०१४ मध्ये पाण्याच्या गळतीची दुरुस्ती करताना ती सापडली. त्यातली वर्तमानपत्रं उलगडून वाचता आली, कारण त्या काळचा कागद चिंध्यांचा असे. आजचं वर्तमानपत्र लाकडाच्या लगद्याचं, त्यातलं लिग्निन स्वतःच आम्ल तयार करतं आणि शेजारच्या कागदालाही पिवळं करतं. वर्तमानपत्र हवंच असेल तर त्याची चांगल्या कागदावर लेझर प्रत काढून ठेवा.

मास्तरीण

कागद कोणता आणि शाई कोणती ते एकदा नीट सांगाल का? मुलांकडून पत्रं लिहून घ्यायची आहेत. झेरॉक्सचा कागद चालेल?

जुनी_फडताळं

बाई, झेरॉक्सच्या कागदात आता बराचसा अल्कधर्मी येतो, पण रीमवर आम्लरहित असं छापलेलं असेल तोच घ्या. मनात शंका असेल तर पीएच-पेन मिळतं: रेघ जांभळी उमटली तर ठीक, पिवळी राहिली तर आम्ल. हातकागद सुंदर दिसतो म्हणून डोळे झाकून घेऊ नका, काही ठिकाणी त्याला तुरटीची खळ असते आणि तुरटी म्हणजे आम्लच. त्याच्यावरही रेघ मारून पाहा.

शाई: पिगमेंट असलेलं काळं जेल पेन, बाटलीवर किंवा पाकिटावर पिगमेंट लिहिलेलं असतं. निळं बॉलपेन नको, त्यातला रंग फिका पडतो आणि तेल पसरतं. साधी बी किंवा टू-बी पेन्सिल सगळ्यात भरवशाची, तिचा काळा रंग म्हणजे कार्बन आहे. आपल्या पोथ्यांची काजळाची शाई शेकडो वर्षं काळीच राहिली ती याच कारणाने. छापील मजकूर लेझर प्रिंटरवर. साधा इंकजेट नको. दुकानाची बिलं, एसटीचं यंत्रातलं तिकीट, एटीएमची चिठ्ठी हे सगळं उष्णतेने उमटणारं छापकाम आहे, दोन-चार वर्षांत कोरा कागद उरतो. तिकिटं ठेवायचा मोह सगळ्यांना होतो, तेव्हा लेझर प्रत.

लॅमिनेशन करू नका. स्टेपलच्या पिना, क्लिपा, रबरबँड, सेलोटेप काढून टाका. फोटो लॅबमधून रासायनिक प्रिंट काढा, मागे पेन्सिलीने नावं, डावीकडून उजवीकडे, कोणत्या वाडीचे ते. नावं नसलेला फोटो पन्नास वर्षांनी कुणाच्याच कामाचा नाही. पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवा, मऊ आणि वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटात नको.

चाकरमानी_परळ

पेनड्राइव्हचं काय? मुंबई मंडळाने पालखीचे व्हिडिओ, ड्रोन शूटिंग सगळं गोळा केलंय.

जुनी_फडताळं

पेनड्राइव्हमधला विद्युतभार गळत जातो, न वापरता दहा वर्षांवर भरवसा ठेवू नये. शिवाय पन्नास वर्षांनी तो लावणार कुठे? गावात कुणाकडे फ्लॉपी वाचता येते का विचारा. व्हिडिओ मंडळाकडेच ठेवा आणि दर पाच वर्षांनी नव्या साधनावर उतरवा, हे काम माणसांनीच करायचं आहे. कुपीत त्यातली निवडक दृश्यं फोटो म्हणून, आणि गाऱ्हाणं, नमन, पालखीच्या वेळची आरोळी वगैरे शब्दशः लिहून.

क्यूआर छापायची टूम आहे. दुव्याचा क्यूआर म्हणजे नुसता चौकोन, कारण दुवा मरतो. मजकूरच आत भरलेला क्यूआर चालू शकतो, पण सगळ्यात मोठ्या क्यूआरमध्ये २९५३ बाइट मावतात आणि देवनागरीचं एकेक चिन्ह युनिकोडमध्ये तीन बाइट खातं, काना-मात्रा धरून. म्हणजे हजाराच्या आत चिन्हं. तेवढं तर अर्ध्या पानावर सरळ छापून होतं, आणि वाचायला मोबाइल लागत नाही.

अवांतर: कुणाकडे गावची माहिती जुन्या श्रीलिपी फॉन्टात टाइप केलेली असेल तर आजच युनिकोडमध्ये आणा. वीस वर्षांतच ती वाचेनाशी झालीय, कालकुपीची वाट कशाला बघायची?

तांडेलाचा_पुतण्या

वस्तूंबद्दल. शंख-शिंपले आणि जाळं यात मीठ मुरलेलं असतं, ते दमट झालं की पाणी ओढतं. आठवडाभर गोड्या पाण्यात ठेवा, रोज पाणी बदला, शेवटी उन्हात. प्राणी आत मेलेला शंख नकोच. जाळ्याचा तुकडा नायलॉनचा असेल तर चालेल, काथ्याचा दोर आणि डांबर लावलेली जुनी जाळी बाहेर ठेवा. सुकट, बोंबील, मसाला, तेल काहीही नाही. आमच्याकडे एकाने बोंबलाचा हट्ट धरलाच होता.

वस्तूंपेक्षा ही माहिती लिहून ठेवा, पुढच्यांना हीच लागेल: गावातल्या होड्यांची यादी, नाव, लांबी, इंजिन किती अश्वशक्तीचं, तांडेल (होडीचा प्रमुख) कोण, खलाशी कुठून आले. डोल कोण लावतं, रापण कोण ओढतं, पाग कुणाकडे उरलाय (ही सगळी जाळी). कोणत्या महिन्यात काय लागतं. बंदराच्या बाजूच्या खडपांची नावं, ती कुठल्याच नकाशावर नाहीत. सुरमई, पापलेट, बांगडा, मोरी यांचा लिलावातला त्या आठवड्याचा दर, आणि वाट्याने विकलं तर वाट्यात किती नग. नुसता "महाग झालंय" लिहून काय कळणार.

जुनी_फडताळं

शंख लाकडी डबीत ठेवू नका. लाकडाच्या आम्लाच्या वाफेने शंखावर पांढरी पूड येते आणि तो झिजतो, वस्तुसंग्रहालयांची ही जुनी डोकेदुखी. काचेच्या बाटलीत ठेवा. चांदीची वस्तू असेल तर लोकर आणि रबर तिच्या आसपास नको, गंधकाने काळी पडते. बॅटरी असलेलं काहीही नको, घड्याळसुद्धा सेल काढूनच.

बियाणं: साध्या तापमानात भाताची उगवणशक्ती काही वर्षांतच संपते. उगवेल ही आशा सोडा. जातीचं नाव, लोंबीचा दाबून वाळवलेला नमुना, किती दिवसांचं पीक, कोणत्या शेतात, एवढं ठेवा.

जांभा_आणि_चुना

किनाऱ्याची मोजणी घाला, फुकट आहे. एक न हलणारी खूण धरा, देवळाची पहिली पायरी किंवा विहिरीचा काठ. तिथून चैत्री पौर्णिमेच्या उधाणाला ओल्या वाळूची वरची रेघ किती मीटरवर येते ते टेपने मोजा, तीन ठिकाणी. त्याच खुणेवर उभं राहून चारही दिशांना फोटो. उधाण पौर्णिमा-अमावास्येला आणि भांग (सगळ्यात कमी भरती) अष्टमीला हे पन्नास वर्षांनीही तसंच असणार, म्हणून तारखेसोबत तिथी लिहा. वाळूचा नमुना, धुऊन वाळवून, छोट्या काचेच्या बाटलीत. सगळ्या विहिरींचं टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार), एकदा मे अखेर आणि एकदा ऑक्टोबरात. मापक चार-पाचशेला येतो. खारं पाणी किती आत शिरलं हे पुढच्यांना याच आकड्यांवरून कळेल.

किनाराकर

झाकणाचं अजून ठरत नाहीये. वेल्ड करून टाकायचं की बोल्टचं?

फॅब्रिकेटर_चिपळूण

पन्नासच्या पुढे वेल्ड, पंचवीसला बोल्ट. वेल्ड करताना शेवटचा सांधा भरल्या डब्यावर मारावा लागतो. कागद सांध्यापासून चार इंच लांब, मध्ये सिरॅमिक वूलची चकती, आणि सांधा सलग न मारता इंच-इंच सोडून, मध्ये थंड होऊ देत. घाईत एकसलग मारला तर वरचे कागद भाजतात आणि ते कुणाला पन्नास वर्षं कळतही नाही.

तुमच्यासाठी मी बोल्टच सुचवेन. १० मिमी जाडीची रिंग आणि झाकण, बाहेरचा व्यास ४००, सोळा एम-१० बोल्ट, सगळं ३१६. गॅस्केट ३ मिमी ईपीडीएम रबराची, आणि दुकानदाराला पेरॉक्साइड क्युअर्ड असं विचारून, साध्यात गंधक असतं. सिलिकॉनची गॅस्केट "सगळ्यात भारी" म्हणून गळ्यात मारतील. ती उष्णतेला भारी आहे, पण पाण्याच्या वाफेला तिच्यातून वाट मोकळी. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सीलंट तर डब्याच्या जवळही नको, तो वास म्हणजे अॅसेटिक आम्ल.

बोल्ट समोरासमोरचे, तीन फेऱ्यांत आवळा. गॅस्केट साधारण चौथा हिस्सा दबली की थांबा, जास्त दाबली तर ती लवकर मरते. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर कोरडा फिरवला तर आटे एकमेकांत रुततात आणि मग करवतच लागते. आटे रुतू नयेत म्हणून निकेलचा अँटी-सीझ लेप लावा.

झाकणावर पाव इंची सॉकेट वेल्ड करून घ्या. रिकाम्या डब्यात तिथून ०.२ बार हवा भरा, सांध्यांवर साबणाचं पाणी. त्याहून जास्त दाब नको. ०.२ बारलाच चपट्या टोकावर १४० किलोंचा जोर येतो, जास्त भरलात तर टोक फुगतं. दिवसभर-रात्रभर दाब ठेवून दुसऱ्या दिवशी त्याच वेळी काटा बघा, सकाळची आणि संध्याकाळची तुलना करू नका, तापमानाने काटा हलतोच. माल भरल्यावर त्याच सॉकेटमधून आर्गन सोडा. आर्गन हवेपेक्षा जड, म्हणून नळी तळापर्यंत घाला, हवा वरून निघून जाते. वेल्डरकडे सिलिंडर असतोच. पाच-सहा मिनिटं मंद सोडला की बस, मग प्लग.

चाकरमानी_परळ

पंचवीस की पन्नास? मंडळात यावर दोन तट पडलेत.

मास्तरीण

पंचवीस. आज चौथीत असलेलं मूल तेव्हा पस्तिशीचं असेल, स्वतःचं पत्र स्वतः उघडेल. पन्नासला निम्मे लोक नसतील आणि उरलेल्यांचा पत्ता नसेल.

जुनी_फडताळं

पंचवीसला माझंही मत. पाण्यापेक्षा विस्मरणाने जास्त कालकुप्या गेल्यात. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत १९३९ साली ठेवलेली कुपी सायक्लोट्रॉनच्या (अणुकणांना वेग देणाऱ्या यंत्राच्या) अठरा टनी चुंबकाखाली अडकली आणि उघडायची वेळ आली तेव्हा कुणाच्या लक्षातही नव्हती. तुमच्याकडे चुंबक नसेल, पण सरपंच पाच वर्षांनी बदलतो, कागदपत्रं नव्या कार्यालयात जाताना गहाळ होतात.

नोंद तीन ठिकाणी करा. ग्रामसभेचा ठराव, इतिवृत्तात, आणि मालमत्तेच्या नोंदवहीत शाळेच्या इमारतीसमोर शेरा. दुसरी गावकीच्या वहीत, जी दर शिमग्याला मानकऱ्यांसमोर उघडली जाते. तिसरी मुंबई मंडळाच्या वार्षिक अहवालात, दर वर्षी एक ओळ छापायची: कुपी कुठे, कधी उघडायची. ही ओळ दर वर्षी पुन्हा छापली जाणं हीच खरी राखण.

आणि आत काय आहे त्याची यादी जाहीर ठेवा. १९७३ च्या १५ ऑगस्टला लाल किल्ल्यात हजार वर्षांसाठी पुरलेलं कालपात्र १९७७ साली सरकार बदलल्यावर उकरून काढलं गेलं, वाद होता तो आतल्या इतिहासात काय लिहिलंय यावर. गावातही वाड्या-वाड्यांत तेच होतं. कुणाच्या वाडीचा फोटो आहे, कुणाचा नाही, हे बंद करायच्या आधी भांडून घ्या. आधार कार्ड, बँकेचे तपशील, कुणाच्या आजारपणाची माहिती आत नको. वैयक्तिक पत्राच्या पाकिटावर "मी किंवा माझा वारस उघडेल" असं लिहून सही घ्या.

तांडेलाचा_पुतण्या

पण ज्यांना पुरायचंच आहे त्यांचं काय करायचं? नाहीतर ते ऐकणार नाहीत.

जांभा_आणि_चुना

त्यांना दगड पुरू दे. गावच्या नावाचा, तिथीचा, उधाणाच्या मोजमापाचा चार ओळींचा मजकूर काळ्या पाषाणावर अर्धा इंच खोल कोरून शाळेच्या कोपऱ्यात अर्धा जमिनीत, अर्धा वर. जांभ्यावर कोरू नका, तो झडतो. समुद्राकाठी काय टिकतं याचा दाखला अलिबागजवळ अक्षीला उभा आहे: तिथला मराठी शिलालेख शके ९३४ म्हणजे इ.स. १०१२ चा मानतात, खाऱ्या वाऱ्यात हजार वर्षं. त्यावर गधेगाळ आहे, म्हणजे दान मोडणाऱ्याला गाढवावरून दिलेली अश्लील शिवी. तुमच्या दगडावर ते नको, शाळा आहे.

किनाराकर

सगळं टिपून घेतलं. आता असं ठरवतोय: ३१६एल, बोल्टचं झाकण, नव्या इमारतीत कार्यालय आणि वर्ग यांच्या मधल्या भिंतीत कोनाडा, पंचवीस वर्षं, २६ जानेवारी. कागद डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सुकवायला घालायचे. मेमधल्या विहिरी या वर्षी हुकल्या, ऑक्टोबरचं मोजमाप घेऊ आणि मेचं पान पुढच्या वर्षी गावकीच्या वहीत जोडू. पर्ससीनच्या (मोठ्या घेर-जाळ्याने होणाऱ्या मासेमारीच्या) वादावर दोन्ही बाजूंची एकेक पानी बाजू लिहून घ्यायची का, यावर गावात मत घेतो.

तांडेलाचा_पुतण्या

घ्याच. दोन्ही बाजूंच्या सह्यांसकट. पंचवीस वर्षांनी सगळे आधी तेच पान वाचतील.

फॅब्रिकेटर_चिपळूण

दोन गोष्टी राहिल्या. कोनाड्याचं तोंड ४०० च्या झाकणापेक्षा मोठं ठेवा, निदान ५०० चौरस, नाहीतर डबा आत जाईल आणि हात जाणार नाही. भरलेला डबा चाळीस किलोच्या घरात जातो, त्याला दोन बाजूंना कड्या वेल्ड करून घ्या. गवंड्याला आजच सांगा, भिंत उठल्यावर चिरा फोडायला तो तयार होत नाही. आणि एम-१० च्या बोल्टला काही ठिकाणी १६ चा पाना लागतो, काही ठिकाणी १७ चा. घेतलेला बोल्ट मोजा आणि पान्याचं माप झाकणावरच कोरून ठेवा.